दुओदूच्या घरातला पुढारी

याव दुओदूने त्या दिवशी सकाळची मक्याची पेज उभ्यानेच प्यायली, कारण खुर्चीवर कुत्रा बसला होता.

यात नवीन काही नव्हतं. गेली दोन वर्षं तो पेज उभ्यानेच पीत होता. ओसरीवर गादी घातलेली वेताची एकच खुर्ची होती आणि ती कुत्र्याने आपल्या नावावर करून घेतली होती. दुओदू जवळ गेला तर तो गुरगुरत नसे. फक्त एक डोळा उघडून बघे, की दुओदू "असू दे, असू दे" म्हणत मागे सरके. कुत्र्याचं नाव ‘बोलू-देत’. आमच्या बेक्वाई गावात कुत्र्याला नाव ठेवतात ते शेजाऱ्यांनी ऐकावं म्हणून. अकरा वर्षांपूर्वी दुओदूच्या थोरल्या बहिणीचं, बिरागोचं, वाळत घातलेल्या एका चादरीवरून समोरच्या घराशी भांडण झालं आणि त्याच आठवड्यात हे पिल्लू घरात आलं. मग ते पायाशी बसलेलं असलं तरी ती दिवसातून वीस वेळा त्याला मोठ्यांदा हाक मारी. समोरचे लोक घर सोडून गेले, चादर फाटली, नाव राहिलं.

पण त्या दिवशी दुओदूला पेजेची चव कळली नाही. बिरागोने बातमीच तशी आणली होती.

कुळाचा प्रमुख, म्हणजे यांचा मामा, वारून वर्ष झालं होतं आणि आता नवा प्रमुख नेमायचा होता. नेमणार होती डुफी मावशी, घरातली सगळ्यात वडील बाई. तिचं वय कोणी नव्वद सांगत, कोणी एकशेदहा. तिला तोंडावर विचारायची हिंमत असलेली माणसं तिच्याआधीच वारली होती. आमच्याकडे हा मान मुलाला नाही, भाच्याला जातो. नावं दोन होती. एक दुओदू, दुसरा त्याचा मावसभाऊ सारपाँग. सारपाँगचा आवाज असा, की तो बेक्वाईत शिंकला तर कुमासीच्या रस्त्यावरचे ड्रायव्हर मागून ट्रक आला समजून गाडी बाजूला घेत.

दुओदूने आयुष्यभर कोकोच्या बिया तपासल्या होत्या आणि दर शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या मयताच्या मांडवात खुर्च्या मांडल्या होत्या. कुळात माणूस गेला की आधी दुओदूला निरोप जाई, मग पाद्र्याला. मांडवात पुढच्या रांगेत मधोमध प्रमुखाची खुर्ची असते. गावातले लोक रांगेने येतात, त्याचा हात हातात घेतात नि पुढे सरकतात. ती खुर्ची दुओदू तीस वर्षं फडक्याने पुसत आला होता. एकदा, कोणी आलेलं नाही असं बघून, तो तिच्यावर जरा टेकला होता. लगेच मागून कोणीतरी ओरडलं, "अरे दुओदू, दोन खुर्च्या कमी पडतायत!"

त्याला आयुष्यात आता एवढंच हवं होतं. त्या खुर्चीवर बसायचं आणि कोणी उठवायचं नाही.

"या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी मावशी सारपाँगकडे जेवणार," बिरागो म्हणाली. "दुसऱ्या दिवशी रविवारी आपल्याकडे. कोण घर कसं चालवतं ते बघणार म्हणे."

"बघू दे की."

"बघेल रे. पण तिला बसवणार कुठे?"

दोघांनीही खुर्चीकडे बघितलं. कुत्र्याने एक डोळा उघडला.

"असू दे, असू दे," दुओदू म्हणाला.

भिंतीपलीकडे बाफो राहत असे, सरकारी कुत्री शिकवून निवृत्त झालेला. त्याच्या उजव्या हाताला साडेतीन बोटं होती. बाकीचं दीड बोट कुठे गेलं असं विचारलं, की तो "अनुभवात" म्हणून सांगे. दुओदू त्याच्याकडे गेला.

"तुझ्या घरात पुढारी तू नाहीस, तो आहे," बाफो म्हणाला. "कुत्रा म्हणजे मुळात लांडगा. लांडग्याला टोळी लागते नि टोळीला पुढारी लागतो. तुझ्यात काही राम दिसेना, म्हणून बिचाऱ्याने जबाबदारी उचलली."

"मग मी काय करू?"

"पुढारी हो. दारातून आधी तू जायचं. आधी तू जेवायचं, आणि त्याच्या ताटलीतलाही पहिला घास तूच खायचा, त्याच्या डोळ्यांदेखत. पाहुणे आले नि तो नाचायला लागला, की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. तो गप होईपर्यंत कुणाशी चकार शब्द नाही. आणि नजर! नजरेला नजर लावायची, तो खाली बघेपर्यंत पापणी लववायची नाही. एकदा जरी चुकलास, तरी सगळं पाण्यात. इतकं करून नाहीच ऐकलं, तर सरळ उताणा पाडायचा."

"कोण कुणाला?"

"तू त्याला, शहाण्या!"

दुओदू मन लावून कामाला लागला. पहिल्या दिवशी तो आणि कुत्रा एकाच वेळी दारात घुसले आणि अडकले. बिरागोने दोघांना मागून केरसुणीने ढकललं तेव्हा सुटले. दुसऱ्या दिवशी त्याने कुत्र्याच्या ताटलीतला घास खाल्ला. कुत्र्याने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि ताटली नाकाने त्याच्याकडे सरकवली. याला भूक लागलेली दिसते, असं त्याला वाटलं असावं. चौथ्या दिवशी नजरेचा सामना झाला. सकाळच्या प्रार्थनेच्या घंटेला सुरू झाला तो दुपारपर्यंत चालला. मधल्या वेळात एक कोंबडी आली, दोघांच्या मधोमध बसली, अंडं घालून निघून गेली. कुणीही तिच्याकडे बघितलं नाही. शेवटी कुत्र्याचे डोळे मिटले.

"जिंकलो!" दुओदू पुटपुटला.

"झोपलाय तो," बिरागो म्हणाली. "अंडं उचल नि आत आण."

पण बाराव्या दिवशी, मावशी यायच्या आदल्या संध्याकाळी, दारातून दुओदू आधी गेला आणि कुत्रा मागून आला. कुत्रा लंगडत होता म्हणून मागे पडला, असं बिरागोचं म्हणणं. तिच्या म्हणण्याकडे दुओदूने लक्ष दिलं नाही. एकदाही चुकायचं नाही, हे त्याने पाठ केलं होतं.

रविवारी चर्च सुटल्यावर मावशी आली. हरमाटनचे, म्हणजे कोरड्या गार वाऱ्याचे दिवस होते, वाऱ्याबरोबर धूळ उडत होती, फरशी पायाला गार लागत होती. मावशीबरोबर दोन म्हातारे होते. एक बोलायचा आणि दुसरा "तेच म्हणतो मी" म्हणायचा. दुओदू स्वच्छ धुतलेलं वस्त्र खांद्यावर टाकून फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. मावशीने काठी टेकत फाटकात पाऊल टाकलं, आणि त्याच क्षणी मागून बोलू-देत आला.

कुत्रा आधी आत गेला, तर बारा दिवसांची मेहनत गेली. दुओदूने विचार केला नाही. तो मावशीच्या काखेखालून वाकून, तिची काठी ओलांडून, सगळ्यांच्या आधी आत शिरला.

"घाई आहे वाटतं याला," पहिला म्हातारा म्हणाला.

"तेच म्हणतो मी."

आमच्याकडे पाहुण्याला आधी बसवतात, मग पाणी देतात, मग काय निमित्ताने येणं केलं ते विचारतात. येण्याचं निमित्त चुलीपासून चर्चपर्यंत सगळ्यांना ठाऊक असलं तरी विचारतात. न विचारणं म्हणजे "चला, निघा" म्हणणं. पण पाहुणे बघून बोलू-देत त्या वयातही शेपूट हलवत गोल गोल फिरायला लागला. दुओदूने भिंतीकडे तोंड केलं आणि गप्प उभा राहिला.

पाहुणे उभे. दुओदू भिंतीकडे. कुत्रा फिरतोय.

"बसा ना, बसा," बिरागो पाणी घेऊन धावत आली. "अरे, बोल की काहीतरी!"

दुओदूने बोट ओठांवर ठेवलं. भिंतीच्या वर बाफोचं डोकं दिसत होतं. त्याने शाबासकीसाठी उरलेली साडेतीन बोटं उंचावली.

फिरून दमलेला कुत्रा खुर्चीवर चढला. दुओदू लगेच वळला आणि त्याने नजर लावली. मावशी वयाने इतकी वाकली होती, की खुर्चीशेजारी उभी राहिल्यावर तिचा चेहरा बरोबर कुत्र्याच्या चेहऱ्याच्या रेषेत आला होता. आमच्यात मोठ्या माणसाच्या डोळ्यात थेट बघणं म्हणजे थोबाडीत मारल्यासारखंच. मावशीने काठी दोन्ही हातांत धरली आणि तिनेही दुओदूकडे बघितलं.

कुत्र्याने जांभई दिली. मावशीची पापणी हलली नाही. थोड्या वेळाने दुओदूने खाली बघितलं. आपण कुणापुढे हरलो, हे त्याला धड कळलं नाही.

शेवटी घरातून ओढून आणलेल्या लाकडी बाकावर मावशी बसली. बिरागोने कुटलेल्या कंदांचे फुफूचे गोळे नि कोंबडीचा रस्सा आणला, वर सुकी मासळी घातलेला. मावशीने प्रार्थनेसाठी डोळे मिटले. कुत्रा मान उंचावून वास घेऊ लागला. दुओदू वाडग्याकडे सरकला. आधी मावशी जेवली, तर कुत्र्याच्या हिशेबात मावशी पहिली, मग म्हातारे, मग आपण शेवटी! त्याने ‘आमेन’च्या आधीच हात घालून एक घास गिळला. मग खाली वाकला आणि कुत्र्याच्या ताटलीतला एक खाल्ला.

"जेवण कमी आहे का गं घरात?" पहिला म्हातारा बिरागोला हळूच म्हणाला.

दुसऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा तो "तेच म्हणतो मी" म्हणायला विसरला.

बिरागो डोळ्याला पदर लावून आत गेली. दुओदूच्या लक्षात आलं, की मांडवातली ती खुर्ची हातची चालली. आता एकच उपाय उरला होता. त्याने वस्त्र कमरेला खोचलं, "बोलू-देत, चूप!" असं उगाचच ओरडला, आणि कुत्र्याला उताणा पाडायला खुर्चीवर झेप घेतली.

पुढे नेमकं काय झालं याबद्दल दोन्ही म्हाताऱ्यांचं मरेपर्यंत एकमत झालं नाही. खुर्ची उलटली यावर मात्र दुमत नाही. धूळ खाली बसली तेव्हा उताणा दुओदू पडला होता, त्याच्या छातीवर कुत्रा बसला होता आणि प्रेमाने त्याचं कपाळ चाटत होता. भिंतीवरचं बाफोचं डोकं हळूहळू खाली गेलं.

मावशीने रश्श्यातलं मासळीचं एक डोकं उचललं, ओठांनी "च्च्-च्च्" केलं नि म्हणाली, "ये रे बाबा."

कुत्रा छातीवरून उतरला आणि मावशीपाशी गेला. मागचा पाय ओढतच गेला. तिने त्याला मासळी दिली आणि त्याच्या कमरेवरून हात फिरवला.

"दुओदू, हा तुझ्या खुर्चीवर का बसतो, ठाऊक आहे?"

"राज्य करायला," दुओदू पडल्या पडल्या म्हणाला.

"राज्य! अरे, फरशी गार आहे. म्हाताऱ्याचे सांधे दुखतात. मला नव्वद वर्षांत कळलं ते तुला दोन वर्षांत कळू नये? बिरागो, एक पोतं आण गं, जाडसं. कोकोचं चालेल."

पोतं उन्हात अंथरलं. बोलू-देत त्याच्यावर जाऊन पसरला आणि त्याने दोन्ही डोळे मिटले. उलटलेली खुर्ची बिरागोने सरळ केली, तरी तो तिच्याकडे फिरकला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"काल सारपाँगकडे जेवले," मावशी म्हणाली. "त्याचा कुत्रा शिपायासारखा ताठ बसतो. बायको तशीच बसते, पोरंही तशीच. कोणी हूं म्हणून केलं नाही. मला घास गिळवेना, पाणी मागायचीसुद्धा भीती वाटली. कुळात आधीच माणसं कमी बोलतात, त्यात हा प्रमुख झाला तर मयतात रडायलासुद्धा परवानगी मागावी लागेल."

"तेच म्हणतो मी," दुसऱ्या म्हाताऱ्याला वाचा फुटली.

"हा वेडा आहे," मावशीने दुओदूकडे हनुवटीने दाखवलं. "पण अकरा वर्षांत त्याने या जनावरावर काठी उचललेली नाही, ते जनावराच्या पाठीकडे बघून कळतं. आणि याला कोणीही काहीही सांगू शकतं."

"पण मावशी," पहिला म्हातारा म्हणाला, "हा पुढे बसला तर शनिवारी खुर्च्या कोण मांडणार?"

"हाच मांडेल. मांडून झाल्या की मधल्या खुर्चीवर बसेल. दुओदू, ऊठ."

दुओदू उठला.

"इकडे ये."

तो आला.

"बस."

तो बसला, खाली फरशीवरच.

"हात दे. तो नव्हे, उजवा."

दुओदूने गडबडीने डावा मागे घेऊन उजवा पुढे केला. मावशीने आपल्या वाडग्यात बोटं घालून कोंबडीचा पेटा शोधून काढला. आमच्याकडे पेटा घराच्या कर्त्यालाच मिळतो. तो ज्याच्या हातावर ठेवला त्याची नेमणूक झाली, मग वेगळं काही सांगावं लागत नाही. तिने तो दुओदूच्या तळहातावर ठेवला. दुओदूने एका घासात गिळला आणि वर तिच्याकडे बघितलं.

"शहाणा गं माझा तो," मावशी म्हणाली आणि त्याच्या टकलावरून हात फिरवला.

भिंतीमागून बाफोने हळूच विचारलं, "बिरागो, याला एवढं शिकवायला हिला किती दिवस लागले गं?"

"दिवस?" बिरागो म्हणाली. "पहिल्या हाकेला आला."