अजगरआजोबांच्या पोटाला ऐकू गेलेली गिटार

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना एकदम कंट्री म्युझिकचं वेड लागलं. कुठून लागलं ते विचारू नका. मलाही कुणी सांगितलेलं नाही.

कंट्री म्युझिक म्हणजे काय? तर रुंद काठाची हॅट घालायची आणि दूर राहिलेल्या गावासाठी गळा काढायचा. आता जंगलात कुणाचंच गाव दूर नव्हतं. जो तो जन्मापासून एकाच डबक्याचं पाणी पीत होता. तरी "सोडून आलो माझी माती" म्हणताना सशाला हुंदका यायचा.

त्या जंगलात झिपरू नावाचं एक अस्वल राहायचं. झिपरू बेस गिटार वाजवायचा. जाड तारांची, सगळ्यांच्या खालून घुमणारी. वर्षानुवर्षं तो गुहेत एकटाच वाजवत बसे. बिचाऱ्याला एकदा तरी चारचौघांत उभं राहून वाजवायचं होतं.

अशात कलगीराव मोरानं नवा बँड काढला. मोर गाणार, माकड बँजो वाजवणार, खार खुळखुळा. बेसला मात्र कुणी मिळेना. बेसवाल्याला मागे उभं राहावं लागतं, आणि मागच्याची हॅट कुणाला दिसत नाही.

"तुला घेतो," मोर झिपरूला म्हणाला. "पण जत्रेतल्या स्पर्धेपुरता. तिथं नीट वाजवलंस तर कायम करू."

"नीट म्हणजे कसं, कलगीराव?"

"ऐकू येता कामा नये. 'बेस छान होता' असं कुणी एकानं जरी म्हटलं, तरी तू घरी."

झिपरूनं आनंदानं मान डोलावली. बँडमध्ये घेतलंय, यापुढं त्या अटीचं त्याला काहीच वाटलं नाही.

जत्रेच्या स्पर्धेचा एक जुना रिवाज होता. परीक्षक बहिराच नेमायचा. ऐकू येणारा परीक्षक पक्षपात करतो, चांगलं गाणाऱ्यालाच नंबर देतो, अशी तक्रार होती. बहिरा बापडा हॅट बघून निकाल देतो. त्यावर कुणाचं भांडण नसतं.

यंदा अजगरआजोबांना बसवलं. आजोबांना कान नाहीत, हे सगळ्यांनी वाकून वाकून तपासलं. आजोबांना पोट आहे आणि ते जमिनीला टेकलेलं आहे, हे कुणीच बघितलं नाही.

गाणं सुरू झालं. मोर केकाटला. माकडानं पहिल्याच ओळीला तार तोडली. झिपरू मागे उभा राहून होता होईल तेवढं हळू वाजवत होता. पण जाड तार ती. आवाज हवेत न जाता जमिनीत गेला आणि मातीतून सरकत आजोबांच्या पोटाखाली पोचला. अजगराला पापण्या नसतात, नाहीतर आजोबांनी डोळे मिटले असते. त्यांची शेपटी ठेका धरू लागली.

"पहिला नंबर यांचा," आजोबा म्हणाले. "त्या मागच्या अस्वलानं पोट भरलं माझं! बेस छान होता. बाकीचे तिघं नुसती तोंडं हलवत का उभे होते, तेवढं कळलं नाही."

मोराला बक्षीस म्हणून चांदीची नाल मिळाली. जंगलात घोडा नव्हता. मोरानं ती गळ्यात घातली आणि तो मागे वळला.

"काय म्हणाले ऐकलंस ना?"

"ऐकलं," झिपरू म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं वाजवणं कुणापर्यंत तरी पोचलं होतं.

"मग हॅट काढ."

झिपरूनं हॅट काढून ठेवली आणि तो गुहेकडे चालू लागला. त्याच्या जागी बगळा आला. बगळ्याच्या गिटारीला ताराच नव्हत्या. तो लगेच कायम झाला.

वाटेत झिपरूनं एकदाच मागे वळून मंचाकडे बघितलं. साऱ्या जंगलात काहीतरी खरोखर सोडून आलेला तो एकटाच होता, आणि नेमकं त्यालाच गाता येत नव्हतं.

तात्पर्य: मुलांनो, काम असं करा की कुणाच्या लक्षात येणार नाही. हातून चांगलं झालंच, तर निदान त्याला बक्षीस तरी मिळू देऊ नका.