साडेआठचं शून्य

विद्यापीठाच्या हवामानशास्त्र विभागातून दर सोमवारी एक पान निघायचं. वरच्या अर्ध्या भागात ‘विभागातील घडामोडी’, खालच्या अर्ध्या भागात ‘आगामी कार्यक्रम’. पान काढणाऱ्या बाईंना सगळे वार्ताबाई म्हणत. बाईंची अडचण अशी, की घडामोडी सगळ्या हवेत व्हायच्या, विभागात काहीच घडायचं नाही. पण पानावर जागा कोरी राहिली, की विभागप्रमुख विचारायचे, “एवढे प्राध्यापक, आणि एकालाही काही झालं नाही?” त्या सोमवारी पानाला चार ओळी कमी पडत होत्या, म्हणून बाई कागद-पेन घेऊन मागच्या आवारात गेल्या.

मागच्या आवारात तारेच्या कुंपणात एक पर्जन्यमापक होता, तापमापकांची पांढरी पेटी होती, आणि साडेआठ होते. सकाळी ठीक साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजायचा, मुख्य कचेरीला फोनवरून कळवायचा, वहीत आकडा लिहायचा, त्यापुढे ‘स्वतः पाहिले’ असं लिहून सही करायची, हे काम ते इतकी वर्षं करत होते की आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदापुरतंच उरलं होतं.

“साडेआठ, काही बातमी आहे का हो?”

“माझ्याकडे कसली बातमी? काल शून्य, आज शून्य.”

“काहीतरी सांगा ना. चारच ओळी हव्यात.”

साडेआठ भिडस्त माणूस. बाईमाणूस उन्हात उभं आहे हे त्यांना बघवेना. “पुढच्या गुरुवारी माझ्या दहा हजार नोंदी होतील,” ते म्हणाले.

“अय्या! एकही दिवस न चुकता?”

साडेआठांनी नुसती मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे त्यांचं त्यांनाही नीट ठरवता आलं नव्हतं, पण बाईंनी ‘अखंड दहा हजार’ असं लिहून घेतलं आणि त्या गेल्यासुद्धा. पण एक दिवस चुकला होता.

तो एकोणीस वर्षांपूर्वीचा. आदल्या संध्याकाळी बायकोला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि रात्रभर साडेआठ एका खिडकी नसलेल्या बोळात बाकावर बसून होते. सकाळी आठ वाजून सव्वीस मिनिटांनी नर्सने बाहेर येऊन दुपट्यात गुंडाळलेली मुलगी त्यांच्या हातात दिली. साडेआठांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि त्यांच्या लक्षात आलं की चार मिनिटांत आकडा कळवायचा आहे. गेले तीन आठवडे थेंब नव्हता. एका हातात मुलगी धरून त्यांनी दुसऱ्या हाताने फोन लावला आणि सांगितलं, “शून्य.”

दुपारी दवाखान्याबाहेर पाऊल ठेवलं, तर रस्त्यावर घोटाभर पाणी. पहाटेच गावभर धो धो पाऊस पडून गेला होता. आवारात मापक भरलेला. आकडा तर सगळीकडे गेला होता. साडेआठांनी मापकातलं पाणी नेहमीप्रमाणे मोजलं, कुंपणाजवळच्या गुलाबाला घातलं, वहीत ‘शून्य’ लिहिलं, त्यापुढे ‘स्वतः पाहिले’ लिहिलं आणि सही केली.

एवढ्यावर भागतं तर बरं होतं. पण आजचे विभागप्रमुख तेव्हा नुकतेच या विभागात आले होते आणि विषयाच्या शोधात होते. गावात चोहीकडे पाऊस आणि विद्यापीठाच्या आवारात शून्य! त्यातून त्यांनी ‘कोरड्या टापूचा सिद्धांत’ काढला. या जागेवर वारे असे काही फिरतात, की ढग वरून जातो पण बरसत नाही. असं पुन्हा कधी घडलं नाही, म्हणून ते दुर्मिळ ठरलं, आणि दुर्मिळ म्हणून महत्त्वाचं.

सोमवारचं पान निघालं. मंगळवारी ते कुलगुरूंनी वाचलं. बुधवारी त्यांचा निरोप आला, की दहा हजारावी नोंद आम्ही स्वतः बघू. गुरुवारी विभागप्रमुखांनी ठरवलं, की कुलगुरू येतच आहेत तर कोरड्या टापूची शिळाही त्यांच्याच हस्ते बसवावी. शनिवारी पत्रिका छापून आली. ‘याच जागी, ठीक साडेआठ वाजता, गावभर पाऊस असताना शून्य मिलिमीटर पाऊस प्रत्यक्ष पाहून नोंदवला गेला,’ आणि खाली तारीख. सहकुटुंब यावं, असंही होतं.

पत्रिका घरी आली तेव्हा मुलगी चहा पीत होती.

“बाबा, ही तर माझ्या जन्माची तारीख!”

“अगंबाई, हो की,” आई म्हणाली. “पण साडेआठला तर हे दवाखान्यात होते. नर्सने तुला आणून दिली ती यांच्याच हातात. मी आत गुंगीत होते, पण हेच सांगतात ना दर वर्षी.”

मुलीने पत्रिका पुन्हा वाचली. “इथे लिहिलंय, ठीक साडेआठला प्रत्यक्ष पाहून.”

“अहो, सांगा की तिला,” आई म्हणाली.

साडेआठांनी बशीत चहा ओतला, तो परत कपात ओतला. खरं सांगावं, तर सत्तावीस वर्षांच्या अखंड नोंदी मातीत जाणार. न सांगावं, तर पोरीच्या जन्माला बाप तिथे नव्हता असं ठरणार. इकडे आड, तिकडे विहीर. “त्या दिवशी जरा धावपळ होती,” ते म्हणाले.

“म्हणजे तू नव्हतास,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, ते जास्त वाईट झालं. “नसलास तरी चाललं असतं, बाबा. दर वाढदिवसाला सांगायला नको होतंस.”

ती कप विसळून निघून गेली. साडेआठांना रविवारभर अन्न गोड लागलं नाही. वहीतल्या सगळ्या आकड्यांपेक्षा त्यांना ती आठ वाजून सव्वीसची वेळ प्यारी होती, आणि नेमकी तीच आता खोटी पडली होती.

सोमवारी त्यांनी विभागप्रमुखांच्या खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं. विभागप्रमुखांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग उठून दार लावलं.

“त्या शून्यावर माझे सात निबंध उभे आहेत,” ते म्हणाले.

“साहेब, म्हणूनच म्हटलं, वेळेवर सांगावं.”

“वेळेवर? एकोणीस वर्षांनी?” त्यांनी खिडकीतून मापकाकडे पाहिलं. “तुमच्या निवृत्तीला किती वर्षं राहिलीत?”

“दोन वर्षं.”

“माझ्या निवृत्तीला तीन. तोवर शून्य शून्यच राहू द्या. शिळा कोरून झाली आहे.”

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी विभागाने अंदाज दिला, की आकाश निरभ्र राहील, पावसाची शक्यता नाही. रात्रभर पाऊस कोसळला.

सकाळी सात वाजता साडेआठ चिखल तुडवत आवारात आले आणि कुंपणाशीच थबकले. कुंपणाच्या चारही बाजूंनी खांब रोवले होते, आणि पर्जन्यमापकाच्या डोक्यावर भला मोठा मांडव उभा होता. मांडववाला खुर्च्या पुसत होता.

“हा कधी घातला?”

“काल संध्याकाळी, तुम्ही गेल्यावर. साहेब म्हणाले, हवा कोरडी राहणार, साधं कापड चालेल. मी विचारलं, अंदाज कोणाचा? तर म्हणाले, आपल्याच विभागाचा. मग मी ताडपत्री डबल मारली.” त्याने अभिमानाने वर पाहिलं. “एक थेंब आला असेल तर नाव बदलेन.”

साडेआठांनी वार्ताबाईंना गाठलं, बाईंनी विभागप्रमुखांकडे बोट दाखवलं, आणि विभागप्रमुख गाडीतून उतरणाऱ्या कुलगुरूंवर छत्री धरण्यात गुंतले होते. खुर्च्या भरल्या. दुसऱ्या रांगेत आई आणि मुलगी येऊन बसल्या. मुलगी शिळेवरची तारीख वाचत होती.

साडेआठ वाजले. कुलगुरू म्हणाले, “मोजू द्या मलाच.” त्यांनी मापकावरचं नरसाळं काढलं, आतली बाटली उचलली आणि मोजपात्रात उपडी केली. काहीच पडलं नाही. त्यांनी बाटली हलवून पाहिली, मग चष्मा वर करून आत पाहिलं.

“कोरडी आहे!”

विभागप्रमुखांचे डोळे भरून आले. ते धावत ध्वनिक्षेपकापाशी गेले. “मंडळी, रात्रभर गाव भिजलं. आपण सारे भिजत आलात. आणि या जागी, एकोणीस वर्षांनी, पुन्हा शून्य! मला आता आणखी काही नको!” टाळ्यांचा कडकडाट झाला. ताडपत्रीच्या कडेवरून पाण्याची धार मागच्या रांगेतल्या एका प्राध्यापकांच्या मानेवर पडत होती, पण तेही टाळ्या वाजवत होते.

वार्ताबाईंनी साडेआठांपुढे वही ठेवली. त्यांनी पेन उचललं. ‘शून्य’ लिहिलं. मग ‘स्वतः’ लिहिलं आणि हात थांबला. त्यांनी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. मुलगी त्यांच्याकडे बघत नव्हती, ती मान वर करून मांडवाकडे बघत होती.

साडेआठ ध्वनिक्षेपकापाशी गेले. जन्मात ते त्याच्यासमोर उभे राहिले नव्हते.

“हे शून्य मांडवाचं आहे,” ते म्हणाले. सगळ्यांनी वर पाहिलं. “आणि ते जुनं शून्य माझं आहे. त्या दिवशी मी इथे नव्हतो. मला मुलगी झाली होती. दवाखान्यातून फोनवर अंदाजाने शून्य सांगितलं. आभाळाची त्यात काही चूक नाही.”

विभागप्रमुख शिळेवर बसले. कुलगुरूंनी वर केलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला.

“मग दहा हजार झाल्या की नाही?”

“नाही साहेब. हे दोन दिवस वगळले तर नऊ हजार नऊशे अठ्ठ्याण्णव.”

“म्हणजे परवा होतील. मी परवा येतो. फक्त तो मांडव काढा.”

“अखंड म्हणता येणार नाही, साहेब. नुसत्या दहा हजार म्हणावं लागेल.”

“नुसत्या चालतील,” कुलगुरू म्हणाले आणि चहाकडे वळले.

पुढल्या सोमवारच्या पानावर ‘आगामी कार्यक्रम’ या भागात विभागप्रमुखांचं व्याख्यान होतं, ‘निरीक्षणातील मानवी चुका : एकोणीस वर्षांचा अनुभव’. शिळा उलटी करून मापकाजवळ पायरी म्हणून बसवल्याची बातमी मात्र बाईंनी जागेअभावी गाळली.

पण ते नंतरचं. त्या गुरुवारी मांडव सोडत होते तेव्हा मुलगी आवारातल्या टेबलापाशी आली. साडेआठांनी कपाटातून एकोणीस वर्षांपूर्वीची वही काढून उघडली होती. त्यांनी शून्यावर रेघ मारली आणि शेजारी ‘३१.४’ लिहिलं.

“एवढं लक्षात ठेवलंस?”

“गुलाबाला घालायच्या आधी मोजलं होतं. न मोजता ओतवेना.”

तिने वहीत वाकून पाहिलं. “आणि हे? ‘स्वतः पाहिले’?”

साडेआठांनी त्यावरही रेघ मारली. मग शेऱ्याच्या रकान्यात, जो सत्तावीस वर्षांत त्यांनी एकदाही वापरला नव्हता, त्यांनी सावकाश, घोटीव अक्षरात लिहिलं आणि वही तिच्याकडे फिरवली. तिने वाचलं.

‘निरीक्षक जागेवर नव्हता. मुलगी झाली. ८ वाजून २६ मिनिटे. स्वतः पाहिले.’