हक्काचा रविवार

शुक्रवारी संध्याकाळी बॉयलरवाल्याच्या बायकोने भिंतीत एक खिळा ठोकला, तोही दारातून आत येणाऱ्याच्या नजरेत पहिल्यांदा भरेल अशा जागी. खिळा प्रमाणपत्रासाठी होता. प्रमाणपत्र मिळायचे होते रविवारी, आणि ज्या शिबिराचे ते मिळायचे होते ते अजून सुरूही व्हायचे होते. बाजारात तुरी म्हणतात त्या याच.

"अगं, आधी मिळू तर दे," बॉयलरवाला म्हणाला.

"मिळणारच. दोन दिवस नुसतं बसायचंय. गप्प बसण्यात तुमचा हात कोण धरणार?"

यावर बॉयलरवाला गप्प बसला. कारखान्यातला बॉयलर एवढा गरजायचा की त्याच्याजवळ उभे राहून चौदा वर्षांत कुणाशी बोलून काही उपयोग झाला नव्हता. तीच सवय घरापर्यंत आली होती. युनियनचा प्रतिनिधीसुद्धा तो असाच झाला. सभेत "कुणाची हरकत?" असे विचारले गेले, हा नेहमीप्रमाणे बोलला नाही, आणि टाळ्या पडल्यावर शेजारच्याने सांगितले की नाव त्याचेच होते. आता नव्या प्रतिनिधीने शनिवार-रविवारचे शिक्षण शिबिर पुरे करायचे, हा युनियनचा नियम. त्यातून सुटका नव्हती.

खरी पंचाईत वेगळीच होती. युनियनच्या शिक्षण समितीचे अध्यक्ष त्याचे सासरे होते. निवृत्त झालेले, पण आवाज अजून नोकरीवर असलेले. तरुणपणी ते आठवड्याच्या सुट्टीसाठी एकोणचाळीस दिवस कारखान्याच्या फाटकासमोर बसले होते. ती हकिकत ते प्रत्येक जेवणात सांगत. मुलीच्या लग्नाच्या पंगतीतही त्यांनी ती सोडली नव्हती. सोळाव्या दिवशी मालक गाडीतून उतरतो आणि विचारतो, "रविवारी घरी बसून असं काय करणार आहात तुम्ही?" आणि सासरेबुवा छाती काढून उत्तर देतात, "काय करायचं ते तुम्हाला का सांगायचं? तो दिवस आमचा!" इथे ते ताटावर मूठ आपटत. वाट्या उडत.

हकिकत संपली की जावयाकडे बघून म्हणत, "आमचे जावई सोन्यासारखे आहेत हो. फक्त तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात." नऊ वर्षे हे वाक्य ऐकून बायकोचे डोके तापले होते. रविवारची प्रमाणपत्रे बाबांच्याच हातून मिळायची होती.

"घेताना चारचौघांत निदान दोन शब्द तरी बोला," ती म्हणाली.

"कोणते?"

"कोणतेही! 'आभारी आहे' म्हणा. दोनच होतात."

शनिवारी सकाळी एका शाळेत शिबिर सुरू झाले. लहान मुलांच्या बाकांत बत्तीस मोठी माणसे गुडघे पोटाशी घेऊन बसली. त्यांत बसचालक होते, नर्स होत्या, छापखान्यातले होते, आणि शेवटच्या बाकावर बॉयलरवाला. शिकवायला होत्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई. शांत बोलायच्या, पण एकदा जोडलेले माणूस सोडायच्या नाहीत.

"आठवड्यातला एक दिवस कामगार स्वतःचा मालक असतो," बाईंनी पहिला धडा सांगितला. टाळ्या झाल्या. दारात पाण्याचा जग घेऊन शाळेचे शिपाईमामा उभे होते. तेही टाळ्या वाजवणार होते, पण हातात जग होता. दुपारचा धडा होता की जिथे संप चालू आहे त्या दारातून आत पाऊल टाकायचे नाही, मग आत आपले कितीही काम अडो. मामांनी तोही बराचसा ऐकला.

संध्याकाळी बाईंनी गृहपाठ दिला. "उद्या येताना प्रत्येकानं एक नवा सभासद करून आणायचा. भरलेला फॉर्म हवा. फॉर्म नाही तर प्रमाणपत्र नाही."

बॉयलरवाल्याने फॉर्म उलटासुलटा करून पाहिला. अनोळखी माणसाला वेळ विचारण्याऐवजी तो रस्त्यात दुसऱ्याच्या मनगटावरच्या घड्याळात डोकवायचा. सगळे गेले, तो फॉर्म पुढ्यात घेऊन बसूनच राहिला.

"साहेब, कुलूप लावायचंय," शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा हलवत म्हणाले. "काही अडलंय का?"

बोलायला काही सुचेना, म्हणून बॉयलरवाल्याने युनियनचे माहितीपत्रक उघडले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मामा समोरच्या बाकावर बसले. चार पाने वाचून झाली तेव्हा त्यांनी पेन मागितला.

"एवढंच सांगा," सही करता करता ते म्हणाले, "ही रविवारची सुट्टी सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"म्हणजे मला पण?"

"तुम्हाला पण."

"उद्यापासून?"

"उद्या रविवारच आहे की," बॉयलरवाला म्हणाला, आणि आपण आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला काही पटवून दिले या आनंदात शीळ घालत घरी गेला.

रविवारी सकाळी तो आला तर शाळेबाहेर ही गर्दी. दाराला कुलूप. पायरीवर शिपाईमामा, अंगात इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली. शेजारी भिंतीला एक फळा टेकवलेला, त्यावर सुरेख अक्षरात खडूने लिहिलेले: 'आज सुट्टी. हक्काची.'

"मामा, किल्ली?" बसचालकाने विचारले.

"खिशात आहे."

"मग उघडा की."

"संप आहे," मामा नम्रपणे म्हणाले. "सभासद झालोय कालपासून."

बसचालकाने इमारतीला एक चक्कर मारली आणि खूश होऊन परत आला. "मागच्या खिडकीची कडी मोडलीये. एकेक करून आत जाता येईल."

"कालचा दुपारचा धडा काय होता?" बाईंनी विचारले.

बत्तीस माणसांनी माना खाली घातल्या. "पण बाई," एक नर्स म्हणाली, "एकाच माणसाचा कसला संप? संपाला किती माणसं लागतात?"

"एक पुरतो. खरा असला की झालं."

झाले! जगातली दुसरी कुठलीही माणसे खिडकीतून उड्या मारून मोकळी झाली असती. ही पडली युनियनची माणसे. ती रस्त्यावर रांगेत उभी राहिली, आणि छापखान्यातल्याने सवयीने एक घोषणाही दिली. बसचालकाने शिपाईमामांसाठी चहा आणला. बॉयलरवाला गर्दीच्या मागे खांबाआड उभा राहिला. त्याला फक्त तो खिळा दिसत होता.

अकराला सासरेबुवा आले. खिशात भाषण होते, विषय 'साप्ताहिक सुट्टीचा लढा'. गर्दी, फळा, घोषणा पाहून त्यांचा चेहरा उजळला. "वा! संप! कुठल्या मालकाविरुद्ध?"

"समितीविरुद्ध," बाई म्हणाल्या. "म्हणजे अध्यक्षसाहेब, तुमच्या."

"माझ्या? मी मालक?"

"रविवारी शाळा बंद असते. मामांना दार आपल्यासाठी उघडायला लागतं. दर महिन्याला, अकरा वर्षं."

सासरेबुवांनी इकडे तिकडे पाहिले. मालक म्हणून बघायला दुसरे कुणी उभे नव्हते. "बरं, वाटाघाटी करू. यांचा प्रतिनिधी कोण?"

बाईंनी सकाळी गोळा केलेल्या फॉर्मांतून मामांचा काढला. "ज्यांनी सभासद केलं ते." सगळी डोकी खांबाकडे वळली. बॉयलरवाल्यानेही मागे वळून पाहिले. मागे भिंत होती.

पायरीच्या एका टोकाला जावई बसला, दुसऱ्या टोकाला सासरे, मध्ये शिपाईमामा चहाचा पेला धरून.

"बोला जावईबापू."

जावईबापू सदऱ्याचे बटण काढून पुन्हा लावू लागले. सासरेबुवा गर्दीकडे वळून डोळे मिचकावत म्हणाले, "सांगत असतो ना मी, मिठाची गुळणी." लोक हसले. मग अध्यक्ष थेट मामांकडेच वळले. "काय मामा, महिन्यातून एका रविवारचा तर प्रश्न. घरी बसून असं काय करणार आहात तुम्ही?"

बॉयलरवाल्याने मान वर केली. हे वाक्य त्याने नऊ वर्षे, आठवड्यातून दोनदा, जेवताना ऐकले होते. पुढचे वाक्य त्याला झोपेतही पाठ होते. ते आपोआप बाहेर आले, बॉयलरशेजारी बोलावे लागते तेवढ्या मोठ्याने.

"काय करायचं ते तुम्हाला का सांगायचं? तो दिवस त्यांचा!"

आणि त्याने पायरीवर मूठ आपटली. मामांचा चहा उडाला.

सासरेबुवा उत्तर द्यायला उसळले, तोंड उघडले, आणि तसेच राहिले. आपण कोण झालो आणि कुणाचे वाक्य बोललो ते त्यांच्या हळूहळू ध्यानात आले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग ते जे हसायला लागले, ते खिशातले भाषण काढून त्याने डोळे पुसेपर्यंत हसले. "लिहा," ते बाईंना म्हणाले. "मागणी मान्य. आजपासून."

"अजून एक आहे," मामा म्हणाले. "अकरा वर्षं दारातून ऐकतोय. धड्याचा शेवट कधी कळलाच नाही. तेव्हा नेमकी मला घंटा द्यायला जावं लागतं."

बॉयलरवाला ताडकन उठून उभा राहिला. "घंटा दुसऱ्यानं द्यायची," तो म्हणाला.

"आणि दार? झाडणं? पाणी?" सासऱ्यांनी विचारले. "ते कुणी करायचं?"

"ते समितीनं बघावं," जावई म्हणाला. आज समितीचा तिथे एकच माणूस हजर होता.

मामांनी किल्ल्या अध्यक्षांच्या हातात दिल्या. अध्यक्षांना वाटले, आता हे घरी जाणार. पण मामा पहिल्या बाकावर बसायला दाराशी सगळ्यांच्या पुढे उभे राहिले. "माझा दिवस आहे," ते म्हणाले, "मी ठरवणार."

सासरेबुवांनी सतरा किल्ल्या लावून पाहिल्या तेव्हा वर्ग उघडला. मग त्यांनी तो झाडला, बत्तीस माणसांना पाणी दिले, आणि शेवटच्या धड्याचा शेवट ऐकायच्या ऐन वेळी घंटेकडे धावले. प्रमाणपत्रे वाटताना त्यांच्या कोपरापर्यंत खडूची पूड होती. बॉयलरवाल्याची पाळी आली. त्याला बायकोची आठवण झाली. दोन शब्द. चारचौघांत. त्याने प्रमाणपत्र घेतले, ताठ उभा राहिला आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "पाणी संपलंय."

संध्याकाळी बायकोने प्रमाणपत्र खिळ्याला अडकवले आणि तीन पावले मागे जाऊन पाहिले, मग पुन्हा पुढे येऊन सरळ केले. जेवायला बाबा होतेच. त्यांनी हकिकत सांगितली, पण आज पहिल्यांदाच नवी. मूठ आपटायच्या जागी ते थांबले आणि म्हणाले, "जावईबापू, ही तुम्ही आपटा." बॉयलरवाल्याने आपटली. वाट्या उडाल्या. बायकोच्या डोळ्यांत पाणी आले, आणि तिने ते लपवलेही नाही.

हात धुऊन झाल्यावर सासरेबुवांनी खिशातून शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि खिळ्याला अडकवला, प्रमाणपत्राच्या वर, नेमका जावयाच्या नावावर.

"समितीची सभा झाली," ते म्हणाले. "येताना रस्त्यात. मी एकटाच हजर होतो, ठराव एकमतानं मंजूर. यापुढे शिबिराच्या रविवारी दार तुम्ही उघडायचं. नाहीतरी रविवारी घरी बसून असं काय करणार आहात तुम्ही?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिले. बॉयलरवाला शांतपणे उठला, खिळ्यावरचा जुडगा काढून टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवला आणि सासऱ्यांसाठी खुर्ची ओढली.

"बसा बाबा," तो म्हणाला. "बोलू."