पावलं मोजणारा दोरा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक खोली मनात आणा. लांबट, उंच खिडक्यांची. खिडकीतून तिरपं ऊन येतंय आणि त्या उन्हात कापसाचे तंतू तरंगताहेत, इतके सावकाश, की खाली यायचं की नाही हे त्यांचं अजून ठरलेलं नाही. चहूकडे मऊ ढीग असल्यामुळे तिथे ओरडलं तरी ते कुजबुजल्यासारखं वाटतं. दिसली खोली? हा उशांचा कारखाना. आता डोळे उघडा बरं, नाहीतर तुम्हीही झोपाल. तिथे पहिल्यांदा येणाऱ्याला जांभई येतेच.

त्या सकाळी तिथे आलेल्या सल्लागाराला मात्र जांभई परवडणारी नव्हती. कारखान्यात जायचं, कामातली फुकटची पायपीट शोधायची आणि ती कशी टाळावी ते शिकवायचं, हा त्याचा व्यवसाय. एकट्याच्या जबाबदारीवरचं हे त्याचं पहिलंच काम. एका नव्या वसतिगृहासाठी केलेल्या दोनशे उशा बरोबर बारा वाजता ट्रकमध्ये चढायला हव्या होत्या. ट्रक चुकला, तर दोनशे मुलं आज हाताची उशी करून झोपणार होती.

"दर खेपेला आमची शेवटच्या घटकेला तारांबळ उडते," मालकीणबाई म्हणाल्या. "आज नाही उडाली, तर मानलं तुम्हाला."

सल्लागार लगेच कामाला लागला. शिलाईवाली ताई आपली कात्री सारखी हरवते, हे त्याने पाहिलं. त्याने भिंतीवर उंच एक फळी ठोकली, तिच्यावर कात्रीची आकृती काढली आणि त्या आकृतीवर कात्री टांगली.

"आता कुठूनही दिसेल," तो म्हणाला.

"दिसेल हो," ताई म्हणाली, "पण हाताला लागेल का?"

तोवर त्याने पिशवीतून दोऱ्याचे चार रंगीत गुंडे काढले होते. रजईसाठी वापरतात तो जाड दोरा, हाताने तोडू म्हटलं तरी न तुटणारा. दोऱ्याचं एक टोक ज्याच्या त्याच्या टेबलाच्या पायाला, दुसरं कमरेला, मागच्या बाजूला पक्की गाठ मारून. मधला गुंडा खिशात. माणूस चालेल तसा दोरा सुटत जाईल. जेवणाच्या सुट्टीत मोजला, की कोण किती चाललं ते कळेल. कापूस भरणाऱ्या काकांना लाल, ताईला पिवळा, माल वाहणाऱ्या दादाला हिरवा.

"आणि मला?" मालकीणबाईंच्या सात वर्षांच्या नातीने विचारलं. एका जागी कधी न टिकणाऱ्या तिला सगळे भिंगरी म्हणत.

"तू कुठे काम करतेस?"

"मी प्रश्न विचारते. मग हा निळा कुणाचा?"

"उरलेला आहे."

"तुम्ही नाही का चालत?"

सल्लागाराने निळा दोरा स्वतःच्या कमरेला बांधून घेतला.

काम सुरू झालं. काका खांबाला वळसा घालून कापूस आणायला गेले, ताई टेबलांमधून वाट काढत खोळी आणायला गेली, दादा दोघांच्या मधून. सल्लागार तर सगळ्यांच्या मागे. "काका, इकडून आला असतात तर आठ पावलं वाचली असती!" ते सांगायला तो आठ पावलं धावायचा, मग ताईला सांगायला बारा, मग पुन्हा काकांकडे. लाल, पिवळे, हिरवे, निळे दोरे कमरेइतक्या उंचीवर एकमेकांवरून जात राहिले. त्यांना कापूस चिकटला. खोलीत रंगीबेरंगी दोऱ्यांवर छोटे ढग वाळत घातल्यासारखे दिसू लागले, आणि ते पाहताना सगळे मधूनच थबकू लागले.

साडेअकराला सल्लागाराला मागून हिसका बसला. त्याचा गुंडा संपला होता. सगळ्यांत आधी.

"अय्या, जास्त तुम्हीच चाललात!" भिंगरी म्हणाली.

पाठोपाठ ताईचा संपला, मग दादाचा, मग काकांचा. ओढून ओढून गाठी अशा घट्ट झाल्या होत्या, की सुटेचनात. काका भरून-शिवून झालेल्या उशांच्या ढिगापाशी, ताई खांबाजवळ, सल्लागार तिच्या पुढे, दादा दारापासून चार हातांवर. जो तो जिथल्या तिथे, आणि दाराशी उभ्या मालकीणबाईंना दोऱ्यांच्या जाळ्यातून आत यायला वाटच नाही. कात्री मात्र कुठूनही दिसत होती.

भिंगरी दोऱ्यांखालून सरपटत फळीपर्यंत गेली. उड्या मारमारून दमली आणि म्हणाली, "फळीला हात लागतो फक्त."

दारात ट्रकवाला उभा राहिला. "बाई, बाराला मी निघणार. पुढे घाट बंद होतो."

मालकीणबाईंनी सल्लागाराकडे पाहिलं. रागावून नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं.

"फार झालं तुमचं शिकवणं!" काका कडाडले. त्यांनी ढिगातली एक उशी उचलली आणि रागाने भिरकावली. ती दोऱ्यांवरून तरंगत ताईच्या अंगावर पडली. "मला का मारता? मारा त्यांना!" म्हणत ताईने ती सल्लागाराच्या डोक्यात घातली. त्याने दचकून पुढे ढकलली, ती दादाने झेलली, आणि सवयीने ट्रकवाल्याकडे टाकली.

ट्रकवाल्याने उशीकडे पाहिलं. "दुसरी?"

मग काय विचारता! काका, ताई, सल्लागार, दादा, ट्रक. उशा हवेतून हंसांच्या थव्यासारख्या निघाल्या. कुणी एक पाऊल चाललं नाही. बाराला सहा मिनिटं असताना एकशे नव्याण्णवावी उशी गेली आणि पाठोपाठ दोनशेवी. राहिली ती एक वाकड्या शिलाईची, जास्तीची.

"यालाच म्हणायचं का तुमचं शास्त्र?" ट्रक गेल्यावर मालकीणबाईंनी विचारलं.

"हो," सल्लागार म्हणाला, आणि मग खरं बोलला, "म्हणजे, आत्ता कळलं."

"मानलं," बाई हसून म्हणाल्या. "सोडवा आता सावकाश."

त्याने आपला दोरा हलकेच ओढला. खोलीच्या मध्यावर कुणीतरी "अंहं" केलं. तिथे उरलेल्या कापसाच्या ढिगावर, चार रंगांच्या दोऱ्यांच्या झोळीत, वाकडी उशी डोक्याखाली घेऊन भिंगरी झोपली होती.

"कुणी हलू नका," मालकीणबाई कुजबुजल्या.

काका होते तिथे बसले. ताई खांबाला टेकली. दादाने तर डोळेच मिटले. सल्लागाराने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग ते काढून खिशात टाकलं, आणि सकाळपासून दाबून ठेवलेली जांभई दिली. चांगली मोठी, आवाजासकट.

भिंगरीने एक डोळा किलकिला केला. निळा दोरा मुठीत धरून तिने हळूच ओढला. सल्लागार दोन पावलं तिच्याकडे सरकला. मग तिने डोकं थोडं बाजूला घेतलं आणि अर्धी उशी रिकामी करून दिली.