दत्ताभाऊजींचं गॅरेज आणि आमचा पाट

आमच्या शेजारचे दत्ताभाऊजी पावसाळ्यात रोज सकाळी पकडींना तेल लावतात. नुसतं लावत नाहीत, चोळतात. घाण्याचं खोबरेल, वाटीत घेऊन, कोमट करून. पकडी झाल्या की पान्हे, पान्ह्यांनंतर कानशी, मग रंधा. बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणारी बाईसुद्धा इतकी जीव लावून मालीश करत नसेल. वाटीच्या तळाशी उरलेलं तेल भाऊजींच्या डोक्याला. त्यामुळे ते जवळून गेले की खोबऱ्याचा आणि लोखंडाचा मिळून एक वास येतो.

"रत्नागिरीचा वारा खारा, वहिनी," ते मला सांगतात. "माणूस गंजला तर चालतो. हत्यार गंजता नये."

दत्ताराम शितप हे त्यांचं पूर्ण नाव. सगळी नोकरी सरकारी कचेरीत कारकून म्हणून झाली. हातात पेनापेक्षा जड काही आलं नाही. निवृत्त झाल्यावर हौसेने गाडी घेतली आणि गाडीसाठी घराच्या कडेला चिऱ्याचं गॅरेज बांधलं. गाडी त्यात जेमतेम एक पावसाळा राहिली. मग भिंतीला एक फळी लागली, फळीवर हातोडी आली, हातोडीला सोबत म्हणून करवत आली, आणि एक दिवस गाडी अंगणात फणसाखाली उभी दिसली. ती आजतागायत तिथेच आहे. मधे एकदा बॉनेटवर फणस पडला. भाऊजींनी तो पोचा स्वतः काढला. आता बॉनेट लागत नाही. मिरकरवाड्यावरून आणलेल्या मच्छीमारी दोरीने बांधून ठेवलेलं असतं.

काहीही हातात आलं की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं. "आधी उघडूया, मग बघूया." उघडायला मोबाइलवरचे हिंदी व्हिडिओ गुरू. ते बघून बघून भाऊजी कधीकधी मलाच "तो दोस्तों" म्हणून सुरुवात करतात. उघडणं त्यांना उत्तम जमतं. बंद करणंही बऱ्यापैकी जमतं. पण वस्तू गेली तशी परत आली तर तो भाऊजींना अपमान वाटतो. तिच्यात सुधारणा झालीच पाहिजे. माझ्या छत्रीची एक काडी तुटली होती. काडी बसली, पण भाऊजींनी आपल्या डोक्याने आत एक जादा स्प्रिंगही बसवली. दुसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थना चालू असताना काखेतली छत्री फाडकन उघडली. मी गणिताची शिक्षिका आहे, वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल असा माझा दरारा. तो त्या दिवशी गेला तो गेलाच.

बरं, त्यांच्याकडून काही उसनं आणायची सोय नाही. भिंतीवर प्रत्येक हत्याराचा आकार त्यांनी लाल रंगाने रेखून ठेवलाय आणि त्या आकारावर ते हत्यार टांगलेलं असतं. एकदा आमच्या ह्यांनी स्क्रूड्रायव्हर आणला. रात्रीच्या जेवणाला बसलो तर भाऊजी दारात.

"जेवा, जेवा. मी थांबतो."

"अहो, सकाळी देते ना आणून!"

"भिंत बोडकी दिसते, वहिनी. झोप लागायची नाय."

आणि ते खरोखरच खुर्चीत बसून आमच्या तोंडाकडे बघत राहिले. घास गिळवेना. शेवटी त्यांनाही पान वाढलं.

नव्या माणसाला ते गॅरेज दाखवतात तेव्हा मात्र ऐकण्यासारखं असतं. "स्वर्ग हाय हो स्वर्ग," इथून सुरुवात. "हात लांब केला की पान्हा. कोणी विचारणारा नाय, साहेब नाय, फाइल नाय. लाकडाचा भुसा पडला की कसा वास येतो, घ्या, घ्या वास." पाहुणा वास घेतो न घेतो तोच स्वर्गाची गाऱ्हाणी सुरू. "पण चिऱ्यात खिळा टिकत नाय. ठोकला की भोक, भोकात माती. उजेड म्हणाल तर अंधारकोठडी. ऐन कामात लाइट जाते. दार लावला तर घाम, उघडा ठेवला तर कोंबड्या. गेल्या पावसात धामण येऊन करवतीखाली बसली होती. आणि जागा? जागा कुठाय? इथे फिरायचा म्हटला तर आधी बाहेर जाऊन तोंड वळवून यायला लागतो." मग एवढं सगळं असताना तिथे बसता कशाला, असं कोणी विचारलं, की भाऊजी त्याच्याकडे दयेने बघतात.

त्यांच्या मंडळी, मालतीवहिनी, डोंबिवलीला लेकीकडे असतात. लेक-जावई दोघं नोकरीला, नातू लहान, म्हणून आजी गेली ती तिकडचीच झाली. आधी त्या स्वयंपाकघरातून "अहो, जेवायला या" म्हणून ओरडायच्या आणि भाऊजी करकर करायचे, की या गॅरेजचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे इथे हाक ऐकू येते. त्या गेल्यावर मला वाटलं, झालं, आता भाऊजींना रान मोकळं. आणि आमच्या वस्तूंची धडगत नाही.

तसंच झालं. पूर्वी आठवड्यात परत येणारी वस्तू महिना-महिना येईना. समोरच्या सावंतबाई शिवणयंत्राची मोटर मागून थकल्या. ब्लाउज शिवायला टाकलेल्या बायका त्यांच्या दारात आणि सावंतबाई भाऊजींच्या दारात. आमचा टेबलपंखा गेला तो उन्हाळा संपला तरी आला नाही. विचारायला गेलं की स्टूल पुढे. "बसा तर खऱ्या. चाय ठेवतो." मग पंख्याच्या आतड्यांपासून कोयनेच्या विजेपर्यंत व्याख्यान. पंखा हवा असेल तर ते ऐकायचं. मी घड्याळ बघत ऐकायची आणि रिकाम्या हाताने घरी येऊन ह्यांच्यावर ओरडायची.

हे सगळं माहीत असूनसुद्धा आमच्या ह्यांनी काय करावं? मी शाळेत असताना गणपतीचा पाट भाऊजींना नेऊन दिला!

आता या पाटाचं सांगायला हवं. आमच्याकडे गणपती विकत आणून पाटावर ठेवत नाहीत. घरचा पाट नारळ-विड्यासह मूर्तिकाराच्या कारखान्यात द्यायचा, आणि त्या पाटावरच मूर्ती घडते. आमचा पाट सासऱ्यांनी गावच्या परसातल्या फणसाचा करून घेतलेला. त्या फणसाचं आता झाड राहिलं नाही आणि सासरेही राहिले नाहीत. पण आम्हा सुर्व्यांचा गणपती दुसऱ्या कुठल्या पाटावर कधी बसला नाही. यंदा माळ्यावरून काढला तर खालच्या एका पट्टीला वाळवी. पट्टी बदलली की काम संपलं. कुठलाही सुतार उभ्या उभ्या करून देईल.

"तुम्हाला रत्नागिरीत दुसरा माणूस मिळाला नाही?" मी ह्यांना म्हटलं.

"दत्ता म्हणाला, उद्या देतो," हे म्हणाले. पोस्टात जन्म गेला या माणसाचा, तरी कुठली गोष्ट कुठे टाकली की पोचणार नाही हे कळत नाही.

मी तशीच गॅरेजात गेले. पाट टेबलावर उताणा.

"वहिनी, माझ्या डोक्यात एक आयडिया हाय," भाऊजी म्हणाले. "चार चाकं लावूया. गणपती उचलायलाच नको."

"भाऊजी, आरतीला गणपती दारातून बाहेर गेला म्हणजे? चाक लावलंत तर याद राखा. पट्टी बदला आणि द्या."

"देतो ना. पण फणसाचा लाकूड हाय ता. आधी उघडूया—"

"उघडायचं काही नाही त्यात! पाट आहे तो!"

त्यानंतर माझा रोजचा नेम झाला. शाळेतून यायचं आणि गॅरेजात जायचं. "आज पॉलिश सुकतंय." "आज लाइट नव्हती." "आज पट्टी मनासारखी बसली नाय." एकदा तर म्हणाले, "आज पाटाचा मूड नाय." कारखान्यातून मूर्तिकार शंकरदादांचा फोन आला. नागपंचमीला पाट आला नाही तर ते सरळ फळीवर मूर्ती करायला घेणार, ती मागून आपल्या पाटावर ठेवायची. म्हणजे इतक्या वर्षांत न घडलेली गोष्ट माझ्या हातून घडणार. शिवाय नागपंचमीला चिरणं-कापणं नसतं. भाऊजी त्या दिवशी करवतीला हातसुद्धा लावत नाहीत. म्हणजे आदल्या दिवशी झालं नाही तर झालंच नाही.

आदल्या दिवशी मी शाळेतून आले ती पर्स खांद्याला तशीच ठेवून शेजारी गेले. गॅरेजचं दार लोटलेलं होतं, भाऊजी नव्हते. म्हटलं, बरं झालं. असेल त्या अवस्थेत पाट उचलायचा आणि सुताराकडे पळायचं. टेबलावर पाट नव्हता. खाली नव्हता. वरच्या फळीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. स्टुलावर चढून काढलं, उघडलं, तर आमचा पाट. नवी पट्टी बसवलेला, पॉलिश केलेला, आरशासारखा. पॉलिशचा वाससुद्धा उडून गेला होता. काल-परवाचं काम नव्हतं ते.

त्याच फळीवर मागे आमचा टेबलपंखा, त्यालाही कापड बांधलेलं. वायर लावली, बटण दाबलं, भर्रकन फिरला. पलीकडे सावंतबाईंची मोटर. तीही लावून बघितली. सुरू. आणखी कोणाकोणाचं काय काय होतं. एकही वस्तू नादुरुस्त नव्हती. माझं डोकं असं तापलं की काही विचारू नका.

तेवढ्यात भाऊजी दुधाची पिशवी घेऊन आत आले. फिरणारा पंखा बघितला, लुगड्यातून बाहेर काढलेला पाट बघितला आणि दारातच थांबले.

"हे काय आहे भाऊजी?"

"झालाय वाटतं," ते म्हणाले.

"झालाय वाटतं? कधी झालाय?"

"विलासरावांनी आणून दिलानी, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"आणि मी रोज इथे येऊन तोंडाची वाफ दवडत होते! उद्या नागपंचमी आहे, माहीत आहे ना तुम्हाला? दिला का नाहीत?"

भाऊजींनी पिशवी खाली ठेवली. पंखा बंद केला. मग पंख्याच्या जाळीवरून बोट फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिल्यावर कोण येतं, वहिनी? वस्तू हाय तवर माणूस येतो. भांडायला तरी येतो."

मी पंख्याची वायर काढून गुंडाळायला लागले.

"सकाळी ह्या सगळ्या हत्यारांना तेल लावून होता," ते म्हणाले. "मग दिवस उरतो. तुम्ही पाचला यायच्या म्हणून साडेचारला चाय ठेवायचो. पाट उद्या सकाळी मीच घेऊन येणार होतो. देवाच्या कामाचा खोळंबा करायचो नाय. आजचा एक दिवस आणखी ठेवला फक्त."

"मालतीवहिनी गणपतीला येतील ना?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"नाय. फोन आला होता. पोरीला रजा नाय, नातवाला कोण बघणार. गावी भावाकडे गणपती असतो, पण एकट्याने जाऊन काय करू? जो तो विचारतो, ही कुठाय."

मला फार वाईट वाटलं. रागही येत होता. शेवटी मी पाट उचलला. उचलताना बोटं खाली अलगद बसली. उताणा करून बघितलं. दोन्ही कडांना खालून खाचा केल्या होत्या, गोल, गुळगुळीत घासलेल्या.

"चाकं नाय हां ती," भाऊजी घाईघाईने म्हणाले. "गेल्या वर्षी विसर्जनाला विलासरावांचा हात सटकत होता. कंबर धरते त्यांची. बोलत नाय, पण वाकताना कळतो. खाचेत बोटं बसली की भार पंजावर येतो."

ह्यांच्या कंबरेचं मला माहीत होतं. पण गेल्या वर्षी हात सटकत होता हे मी बघितलं नव्हतं. त्या गर्दीत ते एकाच माणसाने बघितलं होतं.

मी पाट परत टेबलावर ठेवला.

"भाऊजी, आमच्या घरचा नियम आहे," मी वर्गात वापरते त्या आवाजात म्हटलं. "जो पाट कारखान्यात नेतो, त्यानेच चतुर्थीला गणपती आणायचा. ह्यांना यंदा वाकता येत नाही. उद्या सकाळी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून या. आणि आज संध्याकाळी सगळ्यांच्या वस्तू ज्याच्या त्याच्या घरी पोचल्या पाहिजेत."

"मग चाय—"

"चहा आमच्याकडे. पाच वाजता. रोज. आणि येताना हातात काही आणायचं नाही."

नागपंचमीच्या सकाळी भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. पाट डोक्यावर घेतला, मी नारळ-विडा घेतला. कारखान्यात आधीच चिकार पाट येऊन पडले होते. शंकरदादा मातीच्या हातांनी मान खाली घालून काम करत होते. प्रत्येक पाटाच्या पोटावर ते खडूने घराचं नाव घालतात, म्हणजे घोटाळा नको.

"कोणाचा पाट?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"आमचा," भाऊजी म्हणाले. मग एकदम चपापले. "म्हणजे, सुर्व्यांचा. मी शेजारी."

"आधी सांगितलंत तेच बरोबर," मी म्हटलं.

शंकरदादांनी 'सुर्वे' लिहिलं आणि पाट भिंतीला लावून ठेवला. भाऊजींनी जाऊन तो पुन्हा एकदा सरळ केला. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "चतुर्थीला मी कितीला येऊ, वहिनी?"

चतुर्थीला अजून महिना होता.

"पहाटेच या," मी म्हटलं.