सुलूचे आठशे सत्तेचाळीस

बळवंत सावे यांनी छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही वीज बंद करून काम केलं नाही, असं ते स्वतःच सांगत. बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात ते वायरमन होते. उजव्या हाताची दोन बोटं कायमची बधिर झाली होती, पण ती गोष्ट ते अनुभव म्हणून सांगत, अपघात म्हणून नाही.

"बंद लाइनीवर काय, कोनीबी काम करेल! लाइन चालू पायजे, तर खरा वायरमन!"

तेव्हा एका ढगाळ सकाळी घिवलीच्या आपल्या घरात त्यांनी जाहीर केलं, "सुलूच्या खेळाचे सेल मी सोता बदलनार. आनि आकडा जागचा हलनार नाय!"

यावर घरात शांतता पसरली. पण पाच महिने घरात शांतताच होती, त्यामुळं ती वेगळी कोणाच्या लक्षात आली नाही.

सुलू म्हणजे बळवंतभाऊंची बायको. मार्चमध्ये गेली. आणि खेळ म्हणजे पावडरच्या डबीसारखी उघडणारी, तळहातावर मावणारी एक जुनी डबी. सुलूबाईंच्या एका बोटीवरच्या चुलतभावानं चाळीसेक वर्षांपूर्वी कुठल्याशा बंदरातून आणलेली. डबी उघडली की दोन पडदे, एक वर, एक खाली. दोन्हीकडं फुलझाडं. वरच्या मजल्यावर अळ्या सरकत यायच्या, खालच्या मजल्यावर कोळी चढायचे, आणि मधल्या शिडीवरून फवारणीचा डबा घेतलेला एक बुटका माणूस जीव तोडून वरखाली पळायचा. त्याला पगार नाही, सुट्टी नाही, बसायला स्टूलसुद्धा नाही! तीन फुलं खाल्ली गेली की खेळ खलास.

खऱ्या झाडांच्या बाबतीत सुलूबाई अगदी मेणाच्या होत्या. परसात वांगी लावायच्या, आणि दर वर्षी ती अळ्यांना जेवू घालायच्या. "त्यांनाबी पोट हाय," म्हणायच्या. फवारणीचा पंप बारा वर्षं कोरा पडून होता. पण एकदा का डबी हातात आली, की ही बाई जल्लादासारखी निर्दय व्हायची! एक अळी जिवंत सुटायची नाही.

जाण्याच्या आदल्या आठवड्यात, अंथरुणात पडल्या पडल्या, त्यांच्या नावावर खेळातला सगळ्यांत मोठा आकडा लागला, आठशे सत्तेचाळीस. डबीवरचं एक बटण दाबून धरलं की तो दिसायचा.

हा आकडा नुसता आकडा राहिला असता तरी चाललं असतं. पण दहाव्याच्या दिवशी घोटाळा झाला. किनाऱ्यावर पिंड ठेवला, वीसेक कावळे जमले, आणि एकही पुढं येईना! मुलगा प्रीतम म्हणाला, "आई, बाबांना संभालीन मी." कावळ्यांनी मान फिरवली. सुलूबाईंचे थोरले भाऊ कृष्णकांत पाम गावाहून आले होते. ते म्हणाले, "सुलू, माझ्या घरात तुझा मोठा फोटो लावीन." त्यावर दोन कावळे उडूनच गेले. भटजी सारखे घड्याळ पाहू लागले, त्यांना पुढं तारापूरला जायचं होतं. शेवटी बळवंतभाऊ हात जोडून पुटपुटले, "सुलू, तुझे आठशे सत्तेचाळीस कोन मोडनार नाय. पुसनारबी नाय."

कावळा शिवला!

असा शब्द दिलेला. आणि आता ऑगस्टमध्ये पडद्यावरचा आकडा फिकट होत चालला होता. आठाच्या पोटाची रेघ तर तिरकं धरल्याशिवाय दिसत नव्हती. पाच महिने बळवंतभाऊ रोज सकाळी उठून बटण दाबून तो पाहत आले होते, आणि त्या पाहण्यातच सेल संपत चालले होते. हे त्यांना कळत होतं. तरी हात राहत नव्हता.

ते बोईसरला घड्याळवाल्या चंद्रभानकडं गेले. त्यानं डोळ्याला भिंग लावून डबी पाहिली.

"चाचा, पुराना चीज है. सेल निकाला की नंबर साफ! कोई इलाज नहीं."

"बिलकूल नाय?"

"फोटो काढून ठेवा ना मोबाइलमध्ये. नंबरचा."

"बायकोचाबी फोटो हाय माझ्याकडं," बळवंतभाऊ म्हणाले. "त्यानं काय झालं?"

चंद्रभाननं भिंग काढलं आणि शर्टाच्या बटणाएवढे दोन नवे सेल कागदात बांधून पुढं केले.

घरी सून समिधा शिवणयंत्रावर बसली होती. गावातले निम्मे ब्लाऊज ती शिवते, त्यामुळं तिचं डोकं आणि हात दोन्ही सरळ रेषेत चालतात. ती म्हणाली, "बाबा, बाहेरून दोन पेन्सिल सेल वायरीनं जोडा. तेवड्यात जुने काडा, नवे घाला. झालं."

"पेन्सिल सेल!" बळवंतभाऊंचा आवाज परसापर्यंत गेला. "चारशे चाळीस व्होल्टवर जिंदगी काडलेल्या मानसानं पेन्सिल सेलवर भरवसा ठेवायचा? मेन लाइन ती मेन लाइन!"

त्यांनी जुन्या रेडिओचा एलिमिनेटर माळ्यावरून काढला, म्हणजे भिंतीतल्या विजेला गरीब करून सेलाएवढी बनवणारा ठोकळा. दोन दिवस तो पुसला, मोजला, पुन्हा मोजला.

ठरलेल्या सकाळी नऊला शेजारच्या गोजराबाई नारळ आणि उदबत्ती घेऊन हजर! त्या सुलूबाईंच्या मैत्रीण.

"गोजराबाई, पूजा नाय हाय!"

"असू दे ओ. सुलूचं काम हाय. मी रिकाम्या हातानं कशी येऊ?"

पाठोपाठ पामहून कृष्णकांत आले. इस्त्रीचा शर्ट घालून. कोणाला तरी दवाखान्यात टेबलावर घेतलंय असा चेहरा करून ते म्हणाले, "भावजी, माझी बहीन हाय ती. मी असायलाच पायजे." त्यांच्याकडं स्टीलच्या ताटलीत नवे सेल धरून उभं राहण्याचं काम देण्यात आलं. समिधाचा भुवया कोरायचा चिमटा उकळून घेतला. का उकळला, हे कोणी विचारलं नाही.

एलिमिनेटरच्या वायरी डबीला लागल्या. बळवंतभाऊंनी श्वास रोखला आणि चिमट्यानं पहिला जुना सेल उचलला. मग दुसरा.

बटण दाबलं. आठशे सत्तेचाळीस! आणि तेही ठसठशीत, नव्या पाटीवर लिहिल्यासारखे!

"बगा!" बळवंतभाऊ ओरडले. "चालू लाइनीवर!"

गोजराबाईंनी टाळ्या वाजवल्या. कृष्णकांतनीही टाळ्या वाजवल्या. ताटली त्यांच्याच हातात होती!

दोन्ही सेल टणटणत जमिनीवर पडले, आणि नवीन जागी आलेली पोरं जशी लगेच हुंदडायला जातात तसे घरंगळत धान्याच्या कोठीखाली गेले.

"अरे देवा!"

"घाबरू नका," बळवंतभाऊ खुर्चीत रेलून म्हणाले. पाच महिन्यांत ते पहिल्यांदाच रेलले होते. "लाइन चालू हाय. संध्याकालपर्यंत शोदा. आकडा कुटं जात नाय. समिधा, चा टाक."

कृष्णकांत इस्त्रीच्या शर्टासकट पालथे झाले. गोजराबाईंनी केरसुणीनं कोठीखाली ढोसलं. एक करवंदाएवढं बटण, दोन वाळलेल्या वांग्याच्या बिया आणि सुलूबाईंचं हरवलेलं एक जोडवं निघालं. जोडवं पाहून सगळे क्षणभर थांबले. मग पुन्हा ढोसू लागले. एक सेल निघाला.

"दुसराबी दिसतोय! जरा डावीकडं! भावजी, बॅटरी मारा इकडं!"

बळवंतभाऊ टॉर्च घ्यायला उठले, आणि थांबले. आधी त्यांच्या कानांना कळलं. वरचा पंखा दमल्यासारखा फिरत होता. मग फिरेनासा झाला. फ्रिजनं एक उचकी दिली आणि गप्प बसला. बाहेर कोणाचातरी रेडिओ गाण्याच्या मध्येच तुटला.

दहा वाजले होते.

स्वयंपाकघरातून समिधा चहाचे कप घेऊन आली. डबीकडं पाहिलं, वर पंख्याकडं पाहिलं.

"बाबा, आज शुक्रवार."

शुक्रवार! बोईसरचे कारखाने बंद असण्याचा दिवस, आणि म्हणून लाइनदुरुस्तीसाठी सकाळी वीज जाण्याचा दिवस. छत्तीस वर्षं बळवंतभाऊ अख्ख्या आळीला बजावत आले होते, उद्या शुक्रवार, टाक्या भरून ठेवा!

"मंग आदी का नाय सांगितलंस?" ते क्षीण आवाजात म्हणाले.

"शुक्रवार तुमाला सांगायचा? तुमीच आमाला सांगायचात!"

खरं होतं. पण त्यांना तो कोण सांगायचं? सुलूबाईंचा गुरुवारचा उपास. ताटात साबुदाण्याची खिचडी आली, की उद्या शुक्रवार. मार्चपासून खिचडी झाली नव्हती, त्यामुळं घरात गुरुवारच आला नव्हता. आणि गुरुवार न आल्यावर शुक्रवार कुठून कळणार!

कृष्णकांत कोठीखालून दुसरा सेल घेऊन विजयी मुद्रेनं बाहेर आले. "सापडला!"

नवे सेल घातले. डबी जिवंत झाली. बटण दाबलं.

शून्य.

गोजराबाईंनी नारळ न फोडताच परत नेला.

त्यानंतर बळवंतभाऊंनी एकच ध्यास घेतला. आकडा आपण पुसला, आपणच परत लावायचा! ओट्यावर बसून ते दिवसभर डबी खेळू लागले. बधिर बोटांना बटण दाबलं की नाही हेच कळायचं नाही. वरच्या मजल्यावर अळ्या मजेत जेवायच्या, खालच्या मजल्यावर कोळी जेवायचे, आणि बुटका माणूस शिडीच्या मधोमध उभा राहून बहुधा निवृत्तीचा विचार करायचा. पहिल्या दिवशी नऊ. पंधरा दिवसांनी बावीस. जेवण कमी झालं, दाढी वाढली.

एका दुपारी समिधानं यंत्र थांबवलं. "द्या इकडं."

तिची बोटं अशी चालली, की बळवंतभाऊंचा चष्माच मागं पडला! पन्नास, सत्तर, एकशे चार. मग एक अळी, एक कोळी, पुन्हा अळी. खलास.

"मला एकटीला एवडंच जमतं," ती म्हणाली.

"एकटीला म्हंजे?"

"आईंचे हात शेवटी थरथरायचे. बटनं मी दाबायची. त्या नुसत्या सांगायच्या. वर, खाली, वर, वर. डोले मिटत आले तरी अळी त्यांना माझ्याआदी दिसायची."

बळवंतभाऊंनी डबी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"आनि मी कुटं होतो तवा?"

"इथंच. खुर्चीत. पेपर वाचत." समिधानं सुईत दोरा ओवायला घेतला. "आठशेच्या पुडं गेलो तवा आईंनी दोनदा हाक मारली तुमाला. तुमी म्हनालात, हे पान होऊ दे."

यावर बळवंतभाऊंना काय वाटलं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आपणही विचारायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला मात्र त्यांनी आपली खुर्ची उचलून शिवणयंत्राला चिकटवून ठेवली. चष्मा पुसला.

"तू दाब. मी सांगतो."

"बाबा, तुमाला—"

"दाब गो!"

एकोणीस!

"बाबा, अळी फूल खाऊन ढेकर देते, तवा तुमी वर म्हनता!"

"मी खात्री करून सांगतो! उगाच काय, वर म्हनायचं आनि वर कोनी नसायचं?"

तेव्हापासून रोज दुपारी तीनला घिवलीच्या त्या घरातून "वर! खाली! अगो वर! खाली नाय, वर!" असा आरडाओरडा ऐकू येतो. नव्या माणसाला वाटतं, छपराची कौलं बदलतायत. गावातल्या बायकांचे ब्लाऊज आठवडाभर उशिरा मिळू लागले आहेत. कालपर्यंतचा आकडा एकसष्ट. म्हणजे समिधाला एकटीला जमतो, त्याहून त्रेचाळीसनं कमी.

परवा गोजराबाई ब्लाऊज मागायला आल्या. बराच वेळ खेळ पाहत उभ्या राहिल्या, आणि एकदम त्यांना शंका आली.

"बलवंतभाऊ, समजा आठशे सत्तेचाळीस झाले. पन भरात येऊन पुडं गेलात, आठशे अठ्ठेचाळीस झाले, तर? तिचा आकडा मोडनार नाय, असा शब्द दिलाय तुमी सुलूला!"

हा विचार बळवंतभाऊंनी केलाच नव्हता. त्यांचा चेहरा पार उतरला. "खरंच की ओ," ते म्हणाले.

"काळजी करू नका, मावशी," समिधा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "बाबा सांगायला बसलेत तोवर आईंच्या आकड्याला धक्का नाय."