होणाऱ्या जावयाचं ग्राफिक्स कार्ड

मिंग-तेने तैपेहून आणलेलं ग्राफिक्स कार्ड होणाऱ्या सासूबाईंच्या कॉम्प्युटरच्या डब्यात मावेना, तिथून सगळ्याला सुरुवात झाली.

कार्ड त्याच्या कंपनीतलं सगळ्यात मोठं होतं. सासरी न्यायचं म्हणून त्याने मुद्दामच मोठं घेतलं होतं. डब्यातल्या दोन पत्र्याच्या पट्ट्या काढून, एक वायर बाजूला दाबून, थोडा जोर लावून ते शेवटी आत बसलं. पण डब्याचं झाकण काही केल्या लागेना.

"झाकण उघडंच राहिलं की रे," सासूबाई, श्यो-लान मावशी, म्हणाल्या.

"लावायचंच नसतं, मावशी. हवा खेळती राहते."

"असं होय!" मावशींनी कौतुकाने मान हलवली. "बघ यून-शान, इंजिनिअरचं कसं असतं. आपण आपली सगळी झाकणं लावत बसतो."

यून-शानने, म्हणजे जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिने, पेरूची फोड तोंडात टाकली.

खरी गोष्ट अशी होती की मिंग-ते इंजिनिअर नव्हता. तो ग्राफिक्स कार्डच्या कंपनीत होता हे खरं; पण खोक्यांच्या विभागात. कार्ड कुठल्या खोक्यात घालायचं, त्याच्या कोपऱ्यांना कसला फोम लावायचा, ट्रकमधून पडलं तरी त्याला खरचटू नये म्हणून काय करायचं, हे त्याचं काम, आणि त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कार्ड मात्र त्याने नेहमी बाहेरूनच पाहिलेलं. पहिल्या भेटीत मावशींनी विचारलं, "काय करतोस?" तो म्हणाला, "ग्राफिक्स कार्डच्या कंपनीत आहे." मावशी म्हणाल्या, "म्हणजे इंजिनिअर!" त्याच वेळी मावशींनी त्याच्या ताटात बदकाची तंगडी वाढली होती, त्यामुळे तोंडात घास होता, आणि घास गिळेपर्यंत उशीर झाला होता. पुढच्या वेळी सांग, असं यून-शान दर वेळी म्हणायची. पुढची वेळ काही येत नव्हती.

आज दुपारच्या जेवणावर लग्नाची तारीख पक्की व्हायची होती. नेमकं आदल्या दिवशी मावशींच्या कॉम्प्युटरमधलं जुनं कार्ड जळलं.

तैनान शहरातल्या एका गल्लीत मावशींचं भरतकामाचं दुकान होतं. देवळांचे झेंडे, देवापुढच्या टेबलांचे झालरीचे पडदे, असला माल. हाताने भरणाऱ्या बायका थकल्यावर मावशींनी यंत्र घेतलं, आणि त्या यंत्राला नक्षी समजावून सांगायचं काम हा कॉम्प्युटर करत होता. त्याच्यातली सिस्टीम इतकी जुनी होती की ती काढणाऱ्या कंपनीने तिला केव्हाच वाऱ्यावर सोडलं होतं. पण नक्षीचं सॉफ्टवेअर तिच्यावरच चालायचं, दुसऱ्या कुठल्या सिस्टीमला ते ओळखही दाखवत नसे. आणि शेजारच्या देवळातल्या व्याघ्रदेवाचा पडदा उत्सवासाठी द्यायचा होता. वाघाचं तोंड भरून झालं होतं, धड बाकी होतं.

मिंग-तेने बटण दाबलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर अक्षरं आली. एवढाली आली की एका वेळी चारच मावली.

"मोठी छान दिसतात," मावशी म्हणाल्या. "चष्मा नको. पण वाघ कुठाय?"

"ड्रायव्हर घालायचाय अजून, मावशी. म्हणजे या कार्डाची आणि सिस्टीमची ओळख करून द्यायची. ओळख झाली की येईल वाघ."

एवढं त्याला खोक्यावर छापायच्या मजकुरामुळे ठाऊक होतं. त्याने ड्रायव्हर घालायला घेतला. पडद्यावर संदेश आला: ही सिस्टीम चालणार नाही. त्याने पुन्हा घातला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा घालताना त्याने बटण जरा अदबीने दाबलं. सिस्टीमचं मत बदललं नाही.

त्याने सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला फोन लावला. नंबर मावशींनी दिला.

"ते? ते मी कधीच सोडलं," माणूस म्हणाला. "आता माझी माशांची तळी आहेत."

"पण ते नव्या सिस्टीमवर कसं चालवायचं, एवढं तरी…"

"हे बघा साहेब, मासे मरायला लागले तर फोन करा. त्यातलं मला कळतं."

मग मिंग-ते "जरा नेटवर्क बघतो" असं सांगून मागच्या अंगणात गेला आणि त्याने शेनला फोन लावला. शेन त्यांच्या कंपनीतला खराखुरा इंजिनिअर, दोन पदव्यांचा. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कॉम्प्युटरवर पाकीट आहे का?" त्याने विचारलं.

नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट मशीनवर ठेवलं की मशीन शहाण्यासारखं वागतं, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पाकीट हिरवंच लागतं, ते फोडायचं नसतं, आणि मुदत संपलेलं चालत नाही.

"आहे ना. हिरवंच आहे."

"तारीख बघ."

मिंग-ते आत आला, पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि परत अंगणात गेला. "संपलीये रे. कधीच."

"मग कार्डाला कशाला दोष देतोस, मिंग-ते?" शेन म्हणाला. "आधी ते बदल. आणि सिस्टीम कुठलीये म्हणालास?"

मिंग-तेने सांगितलं. 

"दोन पाकिटं ठेव," शेन म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मिंग-ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. पाकिटाच्या बाबतीत मात्र तो कोणाला ऐकणारा नव्हता. त्याने सगळी हिरवी पाकिटं दाबून, हवा किती आहे, शिवण नीट बसलीये का, हे पाहून दोन निवडली. एवढ्या आत्मविश्वासाने त्याने सकाळपासून दुसरं काहीच केलं नव्हतं. पाकिटं कॉम्प्युटरवर मांडली, बटण दाबलं. अक्षरं तेवढीच मोठी आली.

मग तो इंटरनेटवर शिरला. तिथे असले जुने कॉम्प्युटर जिवंत ठेवणाऱ्या लोकांचा एक अड्डा निघाला. बेडकाचं चित्र लावलेल्या कोणीतरी उपाय लिहिला होता: जुन्या ड्रायव्हरच्या आत ओळखीच्या कार्डांची यादी असते, तिच्यात आपल्या कार्डाचं नाव गुपचूप घुसडून द्या, सिस्टीम फार चौकशी करत नाही. ही युक्ती मिंग-तेला पटकन समजली. त्याचं स्वतःचंही तसंच चाललं होतं.

त्याने नाव घुसडलं. सिस्टीमने विश्वास ठेवला. पडदा काळा झाला, थरथरला, आणि वाघ आला. वाघ हिरवा होता आणि त्याला एकच कान होता. दुसरा कान खाली शेपटीजवळ होता.

"हिरवा का रे?" मावशींनी विचारलं.

"सुरुवातीला हिरवाच येतो."

"आणि कान?"

"कान… सरकेल वर."

कान सरकला नाही. वाघच सरकला, पडद्याबाहेर गेला, आणि मागे नुसता निळा रंग राहिला. मिंग-तेने बेडकाला विचारलं. बेडूक म्हणाला, मग दुसरा ड्रायव्हर घाला. अस्वलाचं चित्र लावलेला म्हणाला, बेडकाचं ऐकू नका, तिसरा घाला. तोवर आणखी कोणी येऊन म्हणाला, यातल्या एकाने माझा कॉम्प्युटर कायमचा गेला, कुठल्या ते आता आठवत नाही. मिंग-तेचं डोकं पार भणाणून गेलं. घालावा तर कुठला, आणि चुकला तर मावशींच्या नक्ष्या, वाघ, लग्न, सगळंच निळ्या रंगात जायचं.

"एवढा कसला विचार करतोस?" मावशींनी विचारलं.

"तीन ड्रायव्हर आहेत, मावशी. कुठला बरोबर ते कळत नाहीये."

"हात्तिच्या! मग देवाला विचार की."

दुकानाच्या दर्शनी भागात लाल चेहऱ्याच्या, लांब दाढीच्या क्वान-कुंगांचं देवघर होतं. मावशींनी उदबत्ती लावली आणि चंद्रकोरीच्या आकाराचे, कौल लावायचे दोन लाकडी तुकडे मिंग-तेच्या हातात दिले. एक उताणा, एक पालथा पडला की होकार. दोन्ही पालथे, नकार. दोन्ही उताणे पडले तर देव हसतोय, म्हणजे विचारण्यातच काहीतरी चुकलंय.

"आणि नीट ओळख करून दे बरं का," मावशी म्हणाल्या. "नाव, जन्मतारीख, पत्ता, काय करतोस ते. मोठ्याने."

मिंग-तेने डोळे मिटले. "मी ल्याव मिंग-ते. राहणार तैपे…" त्याने जन्मतारीख सांगितली, पत्ता सांगितला. "ग्राफिक्स कार्डचा इंजिनिअर. पहिलाच ड्रायव्हर पुन्हा घालू का?"

तुकडे फरशीवर पडले. दोन्ही उताणे.

"हसतोय," मावशी म्हणाल्या. "दुसरा विचार."

दुसऱ्यालाही देव हसला. तिसऱ्याला एक तुकडा गोल गोल फिरत राहिला, आता पालथा पडतो असं वाटलं, आणि उताणा पडला.

"आमचा देव एवढा हसत नाही कधी," मावशी काळजीत पडल्या. "तुझंच काहीतरी चुकतंय. जन्मतारीख कुठली सांगितलीस? ऑफिसातली? अरे, देवाला चांद्र तारीख लागते!"

मिंग-तेने आईला फोन करून चांद्र तारीख विचारली. "कशाला हवीये? पोरगी नाही म्हणाली का?" आईने घाबरून विचारलं. तिची समजूत घालून तो परत देवापुढे उभा राहिला. चांद्र तारखेलाही देव हसला.

"पत्ता? मजला सांगितलास का?"

मजला सांगितला. देव हसला.

"घर भाड्याचं आहे का तुझं?"

"हो."

"मग भाड्याचं आहे म्हणून सांग."

भाड्याचं असल्याचं ऐकूनही देव हसला. मिंग-तेच्या कपाळावर घाम जमला. देवाचे ते लाल गाल बघवेनात. त्याने यून-शानकडे पाहिलं.

"एक गोष्ट राहिलीये अजून," यून-शान म्हणाली. "तुला माहितीये कुठली."

मिंग-तेला माहीत होती. ही पोरगी हातची गेली तर आपलं काही खरं नाही, हेही माहीत होतं, आणि खोटं बोलून ती मिळायची नाही हे आता दिसतच होतं. त्याने तुकडे छातीशी धरले.

"मी ल्याव मिंग-ते," तो म्हणाला. "मी इंजिनिअर नाही. मी खोकी बनवतो. कार्डाची खोकी. आतलं मला काही कळत नाही. मावशींना मी सांगितलं नाही, कारण… भीती वाटली."

 रस्त्यावरून एक स्कूटर गेली.

"खोकी?" मावशी म्हणाल्या.

"हो. फोमसकट."

"मग हे एवढं धूड माझ्या कॉम्प्युटरात कुणाच्या भरवशावर कोंबलंस?"

"तुम्ही इतक्या कौतुकाने बघत होतात, मावशी…"

"काढ ते!" मावशी कडाडल्या. मग सवयीने देवाकडे वळल्या. "नाही, थांब. विचारून काढ."

मिंग-तेने विचारलं. होकार. होकार. पुन्हा होकार.

त्याने कार्ड उपटून काढलं, डब्याचं झाकण लावलं, पडद्याची वायर हातात घेतली आणि तसाच उभा राहिला. आता ती खोचायची कुठे? डब्याच्या मागे, अगदी कोपऱ्यात, तसंच एक भोक होतं, वर प्लास्टिकचं टोपण. दुसरं काही सुचेना म्हणून त्याने तिथे खोचली.

पडद्यावर वाघ आला. पिवळाधमक, दोन्ही कान जागेवर. पलीकडच्या खोलीत यंत्र खडखडायला लागलं.

त्याने शेनला फोन केला. "अरे, कार्ड काढलं तर चालू झालं! कसं काय?"

"चित्र दाखवायची सोय त्या कॉम्प्युटरमध्ये मुळातच असेल की," शेन म्हणाला. "कार्ड घातलं की ती झोपते, काढलं की उठते. हे शाळेतल्या… बरं, ते राहू दे. पाकिटं दोन ठेवलीस ना?"

जेवायला बसले तेव्हा टेबलावर आख्खा मासा होता, आल्याच्या वासाचा. मिंग-ते मान खाली घालून भात चिवडत होता. मावशींनी माशाचा चांगला तुकडा त्याच्या वाडग्यात वाढला आणि उसासा टाकला.

"एक सांगू का," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यात मी देवाला विचारलं होतं. यून-शानसाठी हा तैपेचा इंजिनिअर मुलगा बरा का म्हणून."

"मग?" यून-शानच्या हातातल्या जेवायच्या काड्या थांबल्या.

"नाही म्हणाला. तीनदा विचारलं. तीनदा नाही."

"आणि तू मला बोलली नाहीस, आई?"

"कशी बोलणार? आज जेवणं झाली की सांगणार होते. म्हणून तर मासा एवढा चांगला आणला."

मिंग-तेने हातातला वाडगा खाली ठेवला. मावशी उठल्या, हात पुसले, देवापुढे गेल्या आणि तिथूनच ओरडून म्हणाल्या, "पण मी विचारलं होतं ते इंजिनिअरबद्दल. हा तर खोकीवाला!" तुकडे फरशीवर आपटल्याचा आवाज आला. मग पुन्हा आला. मग तिसऱ्यांदा, आणि त्यानंतर इतका वेळ काहीच ऐकू येईना की यून-शानने टेबलाखाली त्याचा हात घट्ट धरला.

मावशी परत आल्या आणि बसल्या. "तीनही होकार," त्या म्हणाल्या. "शरदातली एखादी चांगली तारीख बघू."

मिंग-तेच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

"रडतोस काय, जेव," मावशी म्हणाल्या. "आणि एक लक्षात ठेव. देवाला खरं कळलं, मला कळलं, तेवढं पुरे. बाहेर मात्र इंजिनिअरच म्हणायचं. आख्ख्या गल्लीत सांगून बसलेय मी."

एवढ्यात दार वाजलं. शेजारच्या तेंग काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी भाजीच्या ढकलगाडीवर एक कॉम्प्युटर, एक पडदा आणि गुंतलेल्या वायरींचा मोठा गोळा आणला होता.

"जावई आलेत म्हणे, इंजिनिअर?" काकू म्हणाल्या. "आमच्या ह्याच्यात कालपासून चित्र येत नाहीये."

"आलेत ना! या, या, आत या," मावशी खुर्ची सरकवत म्हणाल्या. "मिंग-ते, जरा बघ रे बाळा."

मिंग-तेने यून-शानकडे पाहिलं. यून-शान माशाचे काटे काढण्यात गढून गेली होती. त्याने हात धुतले आणि पेचकस उचलला.